पोटाच्या तक्रारीत आधी सीटी की आधी दुर्बीण?

डिचोलीकर:
वडील ६३ वर्षांचे. चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणून ताट सारायचे. तीन महिने पित्ताच्या गोळ्या, मग सोनोग्राफी, मग सीटी. रिपोर्टात ‘विशेष काही नाही’ वाचून आम्ही निर्धास्त झालो, हीच आमची चूक. पुढे तोंडावाटे दुर्बीण घातली (एंडोस्कोपी केली) तेव्हा जठराच्या खालच्या भागात नखाएवढी लालसर, जराशी खचलेली जागा दिसली. सहा तुकडे काढले, दोनांत कॅन्सर निघाला. सुरुवातीला हा रोग आतल्या अस्तरात, फार तर त्याखालच्या थरात असतो. सीटीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही. साठीच्या माणसाची भूक गेली, वजन उतरलं, तर पहिली तपासणी दुर्बिणीचीच व्हावी.

म्हापसेकर:
मला नाही पटत. माझ्या मावशीची दोनदा एंडोस्कोपी झाली, दोन्ही वेळा तुकडा नॉर्मल. गाठ भिंतीच्या आत, वर अस्तर गुळगुळीत. चिमटा वरचंच खुडणार ना? ती दाखवली सीटीने. मग दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते, त्यातून सुई घालून नमुना घेतला. जिस्ट निघाला, म्हणजे अस्तरातून नव्हे, भिंतीच्या आतल्या थरातून वाढणारी गाठ.

डिचोलीकर:
मावशींचा आजार वेगळ्या जातीचा, तिथे तुमचं बरोबर. पण मी सीटी नकोच असं कुठे म्हटलं? कॅन्सर ठरल्यावर तो लसिका ग्रंथींत, यकृतात गेलाय का हे सीटीच सांगतो. माझा वाद क्रमाचा आहे.

फोंडेकर:
मी बरीच वर्षं एंडोस्कोपी विभागात नर्स होते. दोघांनीही तुकड्यांची संख्या विचारायला हवी. कॅन्सरच्या व्रणातून (अल्सरमधून) एकच तुकडा घेतला तर दहांत तीनदा तो हुकतो. सात घेतले तर शंभरांत दोनदा, असं १९८२च्या अभ्यासात दिसलं होतं. आणि पित्ताच्या गोळ्यांनी कॅन्सरचा व्रणसुद्धा वरवर भरून येतो. म्हणून जठरात व्रण असेल तर बरं वाटलं तरी आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात. लोक तेव्हाच येत नाहीत.

म्हापसेकर:
येणार कसे? पेडण्याहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जायचं तर दिवस मोडतो. त्यात ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ असं सांगणारे वाड्यावाड्यावर आहेत.

डिचोलीकर:
ते आम्हालाही सांगितलं होतं. वडिलांचा रोग अस्तरातच होता, दुर्बिणीतूनच सोलून काढला, पोट फाडावं लागलं नाही. आणखी सहा महिने गोळ्यांवर काढले असते तर?

म्हापसेकर:
वडील बरे झाले, आनंद आहे. तरीही दुर्बीण नॉर्मल आली आणि त्रास थांबला नाही, तर सीटी मागून घ्या, एवढं मी लिहिणारच.