मदत हवी आहे: बोलायला त्रास असलेल्या लेकरांसाठी गावात पायी फेरी काढायची आहे

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. इथं रोज वाचते पण धागा पहिल्यांदाच काढून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा ६ वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेत पहिलीत आहे. त्याला समजते सगळं, मोटारीची लाईन आली की बापाच्या आधी थो पळते, पण शब्द तोंडातून निघता निघता फिरते. "पाणी" म्हणाचं असलं त एकदा "पापी" येते, एकदा "नाणी", अन् मधातच एखाद्या वेळी चक्क "पाणी" येते, मंग आपण म्हटलं परत म्हण बाळा, त ते गेलेलं असते. दोन वर्षं आमची वायाच गेली. एका डॉक्टरनं सांगतलं मोठा झाला की बोलन, घरी वेखंड उगाळून मधात चाटवलं, कोणी म्हणे जिभेखालची दोरी कापा. शेवटी यवतमाळला थेरपीवाल्या मॅडमनं नाव सांगतलं, चाइल्डहूड अ‍ॅप्रॅक्सिया. म्हणजे कान चांगले, जिभेत ताकद आहे, पण जीभ-ओठ कधी कुठं न्याचे हा मेंदूचा हुकूम नीट जुळत नाही. याला महिन्यातून एकदा जाऊन भागत नाही, आठवड्यातून ३ ते ५ वेळा थोडं थोडं करून घ्यावं लागते. अन् यवतमाळ आमच्याहून चाळीसेक किलोमीटर. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हापासून माझं जाणं तरी होते, पण कापूस वेचणीत एक दिवस गेला की मजुरी गेली.

आशाताईसोबत फिरून पाहिलं त आजूबाजूच्या ४ गावांत अशी ७ लेकरं निघाली. एका पोरीच्या टाळूचं ऑपरेशन झालं, पण आवाज अजून नाकातूनच येते. एक पोरगा अडखळते म्हणून शाळेत हातच वर करत नाही. त्या मॅडम दर शनिवारी आमच्या शाळेत याले तयार आहेत, जाण्यायेण्याचा खर्च अन् थोडी फी निघाली पाहिजे.

फेरीचं डोक्यात कसं आलं ते सांगते. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत मी दारात उभी होती. पोरं "भारत माता की" म्हणत होती अन् माझा पोरगा "जय" म्हणत होता, मान मागं टाकून, गळ्याच्या शिरा फुगवून, एकदम साफ "जय". पुरी गल्ली फिरला, कोणी त्याच्याकडं वळून पाहिलं नाही, कोणी हसलं नाही, सगळ्यांचा आवाज एकच होता. तोच पोरगा किराणा दुकानात गेला की दुकानदार त्याचं अर्धं ऐकतच बिस्किटाचा पुडा समोर ठेवून देते अन् हा न बोलता घेऊन येते.

मोबाईलवर पाहिलं, अमेरिकेत अ‍ॅप्रॅक्सिया किड्स नावाची संस्था असे वॉक काढते. घरचे लोक लेकरासोबत चालतात, देणग्या गोळा होतात, लेकरांच्या गळ्यात मेडल घालतात. अ‍ॅप्रॅक्सियाचा दिवस १४ मे ला असते, पण आपल्याकडच्या उन्हात लेकरं कशी चालवाची? २२ ऑक्टोबरला अडखळणाऱ्यांचा दिवस असते, तेव्हा सोयाबीनची सवंगणी. म्हणून २६ जानेवारीच्या नंतरचा रविवार धरला. शाळेपासून शेजारच्या गावच्या मारोतीच्या पारापर्यंत, ३ किलोमीटर. बचतगटाच्या आम्ही १२ बाया आहोत.

आता अडलं इथं. पैसे गोळा कराले परवानगी कोणाची लागते? पैसे कोणाच्या खात्यात घ्याचे, माझ्या नावावर नको वाटते. अन् सगळ्यात मोठं, सरपंच म्हणतात लेकरांचे फोटो बॅनरवर टाका अन् पारावर त्यांना माइकवर बोलवा, लोकांचं मन पिघलन, पैसे जास्त येतीन. मले ते पटून नाही राहिलं पण नाही कसं म्हणावं?

—

गणेशमंडळवाला_अमरावती: ताई, गणपतीच्या वर्गणीसाठी आम्ही धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढतो, तुम्हालाही तेच लागेल, जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी करा. रस्त्यानं जाणार म्हणून ठाण्यात अर्ज द्या, लाऊडस्पीकर असला तर त्याचंही लिहा. पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या क्यूआरवर अजिबात घेऊ नका, दोघींच्या सहीचं खातं अन् पावती बुक ठेवा, आणि हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावात संशय एकदा शिरला की पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

वाचाउपचार_वर्धा: ताई, माइक नकोच, कृपा करून. ज्या मुलाला रोजचं बोलणं जड जातं त्याला गर्दीसमोर उभं केलं तर तो महिनाभर गप्प बसेल. तुम्ही प्रभातफेरीत जे पाहिलं ते खरंच आहे. सगळ्यांसोबत एका सुरात बोलताना अडखळणाऱ्यांचं अडखळणं बरंच कमी होतं, आणि अ‍ॅप्रॅक्सियात छोटा, सरावातला शब्द सोपा जातो. म्हणून घोषणा अशी ठेवा की मोठ्यांनी लांब ओळ म्हणायची आणि लेकरांनी एकच शब्द. दुसरं म्हणजे जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) आहे का विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून आहे) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक तेच. सातही लेकरांची कानाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व वेगळं धरलं आहे, त्यामुळं प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो. थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघून घ्या.

धागाकर्ती: दादा, मॅडम, लय आधार वाटला. फोटो अन् माइक दोन्ही नाही, सरपंचाले तुमचं लिहिलेलंच वाचून दाखवते. घोषणा आज रात्रीच जमवली, आम्ही बाया म्हणू "सांगाचं आहे, घाई नका करू", लेकरं म्हणतीन "थांबा". पण पोराकडून म्हणवून पाहिलं त "थांबा"चं "बांबा" होते, म्हणून आता "ऐका" धरलं, ते चारदा म्हटलं, तीनदा नीट आलं. ४१ क चा अर्ज यवतमाळला कोणी भरला असन त कोणते कागद लागले ते इथंच लिहा, सोमवारी ग्रामसेवक गावात असते, तेव्हाच ठराव घेऊन टाकते.