घोडीचा टेंडन फाटून १० आठवडे झाले, आता लंगडत नाही. दुडकी सुरू करावी का?

माणदेशी_स्वार
मारवाडी घोडी, वय ७, वजन अंदाजे ३६० किलो. पुढच्या डाव्या पायात नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागचा वरचा, म्हणजे कातडीलगतचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटलाय. पहिल्या सोनोग्राफीत मधोमध काळा भाग दिसला, आडव्या छेदाच्या साधारण २५ टक्के. सूज उतरली आहे, कदमचालीत लंगडत नाही. सध्या रोज दोनदा १५ मिनिटं हातात धरून चालवतो. चंदी पूर्वीचीच: २ किलो हरभरा, १ किलो जव. पाठ आणि मांड्या मात्र पार उतरल्यात. मोतद्दार (घोडी सांभाळणारा) म्हणतो, लांब दोरीवर गोल फिरवून दुडकी काढू. टाच उंच करणारा नाल मारावा, असंही सुचवलं गेलंय. काय करू?

पागा_नोंदवही
दुडकी नको, आणि गोल फिरवणं तर मुळीच नको. फाटलेली जागा आधी घाईघाईनं विणलेल्या कच्च्या तंतूंनी भरते. ते आडवेतिडवे असतात. पक्के तंतू येऊन ओढीच्या दिशेनं रांगेत बसायला महिने जातात, आणि तेही मोजका ताण मिळत राहिला तरच. लंगडणं थांबतं ते दुखणं थांबल्यामुळे. याच टप्प्यावर घाई केली तर घोडा पुन्हा जायबंदी होऊ शकतो.

१२व्या आठवड्यात दोन्ही पायांची सोनोग्राफी करा. काळा भाग भरला का आणि उभ्या छेदात तंतू समांतर दिसतात का, हे डॉक्टरांना विचारा. ठीक असेल तर चाल दर आठवड्याला ५ मिनिटांनी वाढवत दिवसाला एकूण ४५ ते ६० मिनिटांवर न्या. स्वारही कदमचालीतच बसवा. दुडकी ४ ते ५ महिन्यांनंतर: सरळ रस्त्यावर, ३०-३० सेकंदांचे तुकडे, पहिल्या आठवड्यात दिवसाला एकूण २ मिनिटं. कॅन्टर (दुडकीपेक्षा वेगवान धाव) ७-८ महिन्यांच्या आधी नाही, पूर्ण काम १० ते १२ महिन्यांनी. प्रत्येक पायरीआधी सोनोग्राफी. टेंडनचा आडवा छेद मागच्या वेळेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त फुगला असेल तर एक पायरी मागे.

रोज सकाळी चालवण्याआधी दोन्ही नळ्यांवरून हात फिरवा आणि ठरलेल्या एकाच उंचीवर टेप लावून घेर लिहून ठेवा. गरम लागलं की चाल बंद, २० मिनिटं थंड पाणी, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टर.

टाच_आणि_टाप
नालाबद्दल. टाच उंच केली की आतल्या टेंडनला आराम मिळतो, वरच्याला नाही. फेटलॉक (नळी आणि खुराच्या मधला सांधा) जास्त खाली बसून उलट त्याच्यावर ताण वाढू शकतो. तुम्हाला हवाय तो सपाट नाल, टाचेला पूर्ण आधार देणारा, आणि आखूड ठेवलेला पुढचा भाग. खूर पुढे वाढला की पाऊल उचलायला उशीर होतो आणि प्रत्येक पावलाला टेंडन ताणला जातो. ५ आठवड्यांवर छाटणी चुकवू नका. आणि कोणी नदीकाठच्या वाळूत चालवायला सांगेल, 'पाय भक्कम होतो' म्हणून. मऊ खोल वाळूत फेटलॉक आणखी बसतो. घट्ट, सपाट मातीचा रस्ता उत्तम.

कोरडा_चारा
एवढ्या चंदीवर बांधून ठेवलेली घोडी उडणारच, आणि एका उडीत १० आठवडे वाया जातील. हरभरा ८-१० दिवसांत हळूहळू अर्ध्या किलोवर आणा. कोरडा चारा दिवसाला ७ किलोच्या आसपास, ३-४ वेळा विभागून. मीठ ३० ग्रॅम. ठाणावर उभ्या घोड्याचं पोट मंदावतं, म्हणून पाणी किती पितेय आणि लीद किती टाकतेय याकडे लक्ष हवं. चालवताना नुसती म्होरकी नको, लगाम घाला. तरीही आवरत नसेल तर शामक औषध डॉक्टरांकडूनच.

पाठीसाठी दुडकीची गरज नाही. गाजर दाखवून हनुवटी छातीकडे, मग पुढच्या गुडघ्यांच्या मधे, मग दोन्ही कुशींकडे आणा. प्रत्येक जागी ५ सेकंद, ५ वेळा, आठवड्यात ५ दिवस. मणक्यालगतचे खोल स्नायू यानं भरतात. गाजर झटक्यानं ओढू नका. ती पाय हलवून फसवते, तेव्हा तिला भिंतीलगत उभी करा.

माणदेशी_स्वार
गोल फिरवणं रद्द. बांबू आडवे टाकून त्यावरून चालवलं तर?

पागा_नोंदवही
१२व्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आली तरच. ४ बांबू जमिनीवर, ७५-८० सेंमी अंतरानं. तिच्या पावलाप्रमाणे थोडं कमीजास्त करा. मोकळा बांबू टापेखाली घरंगळतो, म्हणून दोन्ही टोकांना वाळूची पोती. पहिल्या आठवड्यात दिवसाला ४-५ फेऱ्या पुरेत. ती न अडखळता जायला लागली की एकाआड एक टोक (एका बांबूचं डावं, पुढच्याचं उजवं) १० सेंमी उचला. पाऊस पडून चिखल झाला असेल त्या दिवशी बांबू नकोत, डांबरी रस्त्यावर कदमचाल. ओल्या डांबरावर नाल घसरतो, तेव्हा उतार टाळा.