कबुतरं, ढाबळी आणि थंडी: तुमचे अनुभव

द्राक्षवाला
निफाडचा पारा परत घसरल्याची बातमी वाचली आणि अण्णांची ढाबळ आठवली. गच्चीवर, लाकडी, चार पायांवर उभी, तोंड पूर्वेला. थंडी पडली की अण्णा उत्तरेच्या बाजूला गोणपाट ठोकायचे, पण छपराखालची चार बोटं फट कधी बुजवली नाही. आई म्हणायची, अहो कुडकुडतील ती. त्यावर ठरलेलं उत्तर, "त्यांच्या अंगातच एक्केचाळीस-बेचाळीस डिग्री आहे, तू तुझी गोधडी बघ." गारठ्यापेक्षा ओल वाईट, असं त्यांचं म्हणणं.
कुणी कुणी पाळलीत? थंडीत काय करता? लिहा.

पेठेतला_पक्या
कोल्हापुरात ये भावा, ढाबळी दाखवतो. दाटीवाटीनं कोंबली की ऊब येती म्हणतात, ते काय खरं नाही. रात्रभर वाफ धरती, विष्ठेचा वास डोळ्यांत झोंबतो, मग शिंका चालू. आणि जोड्यांपेक्षा खाने जास्त ठेवायचे, नायतर वरच्या खान्यासाठी नर रात्रीचे टोचाटोची करत्यात. लक्का, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीचा, तर वेगळाच ठेव. पिसारा सांभाळता सांभाळता मार खातो बिचारा.

मुग्धा_ठ
लक्का!! आमच्याकडे होता, नाव नवरदेव. दूध उतू चाललंय, नंतर लिहिते

निपाणीकरीण
घरट्यात तंबाखूच्या काड्या घालायच्या. आमच्याकडे वखारीतून फुकट मिळायच्या. उवा कमी होतात, कोरडंही राहतं.

पेठेतला_पक्या
तरीच निपाणीची कबुतरं एवढी घुमत्यात 😂

सुमा_लीड्स
इकडे शेजारचे आजोबा शर्यतीची कबुतरं पाळतात. बर्फ पडला तरी हीटर नाही. तीन बाजू पक्क्या बंद, समोर पट्ट्यापट्ट्यांची जाळी, हवा वरून निघून जाते. खालची विष्ठा रोज खरवडून काढतात, न चुकता. हिवाळ्यात नर आणि माद्या वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे अंडी नकोत. परत जोड्या लावायचा जुना मुहूर्त म्हणे 14 फेब्रुवारी! चेष्टा नाही, खरंच.

द्राक्षवाला
😀 अण्णा ऐकले असते तर म्हणाले असते, आमच्या वेळी पत्रिका बघून लावायचे.

गच्चीवरचा
बल्ब लावणाऱ्यांनो, जरा थांबा. एक तर पेंढा आणि वायर एकत्र, आग लागायची. दुसरं, उजेडानं दिवस मोठा झालाय असं वाटून मादी भर पौषात अंडी घालते. अंड्यांवर दिवसा नर, रात्री मादी, साधारण 18 दिवस. तोवर सगळं ठीक. खरी पंचाईत पिल्लू आठवडाभराचं झालं की. मादी रात्री पहिल्यासारखी बसत नाही आणि पिसं तर धड फुटलेली नसतात. पिल्लं गारठून जातात ती याच दिवसांत. तेव्हा घरट्याची वाटी खोल घ्यायची, खाली भरपूर पेंढा.
संध्याकाळी मका वाढवा. पोटात दाणा असला की रात्र निघते. आंघोळीचं पाणी दुपारच्या उन्हातच, आणि उरलेलं लगेच ओतून टाकायचं.

खोकलेबाई
कबुतरं गोड वगैरे ठीक आहे पण ढाबळ झाडताना नाकाला मास्क लावा, हात जोडते. वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी छातीत जाते. काही जणांच्या फुफ्फुसांना कायमची सूज येते. थंडीत सगळं बंद करून आत झाडत बसलात तर अजूनच वाईट. माझे सासरे अजून पंप घेऊन फिरतात.

माहीमचा_मामा
आता गाडी दादर कबुतरखान्यावर येणार. 2025 ला दाणे टाकणं बंद करायला तिथे ताडपत्री पडली तेव्हापासून आमच्या सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप दोन झालेत.

द्राक्षवाला
मामा, इथे नको 🙏 पाळलेल्यांबद्दल बोला. खोकलेबाई, सासऱ्यांना आराम पडो.

वैतागलेली_७०३
मी पाळलेली नाहीत, त्यांनी मला पाळलंय. एसीच्या मागे दोन काड्या ठेवून त्याला घरटं म्हणतात. जाळीवाला महिनाभर उद्या येतो म्हणतोय.

निपाणीकरीण
आता अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा हो. महिना-दीड महिन्याचा प्रश्न.

वैतागलेली_७०३
म्हणजे जाळीवाला आणि पारवे दोघांचं सूत एकच आहे तर

मुग्धा_ठ
आले. नवरदेव अख्खी थंडी बाबांच्या स्कूटरच्या सीटवर झोपायचा, ढाबळीत जायचाच नाही. सकाळी सीट पुसायचं काम माझं. @गच्चीवरचा, मका अख्खा की भरडून? भाऊ परत जोडी आणतोय म्हणे

गच्चीवरचा
बारीक दाण्याचा मिळाला तर अख्खा, नाहीतर भरडून. सोबत बाजरी, थोडे हरभरे. आणि भावाला सांगा, आधी ढाबळ, मग जोडी.