मदत हवी आहे : जेमा डॉयलचे पुढचे दोन भाग तेरा वर्षांच्या मुलीला द्यावेत का?

लिबा ब्रे यांची जेमा डॉयल त्रयी कुणी पूर्ण वाचली आहे का? माझ्या भाचीला व्हिक्टोरियन काळातल्या गूढकथांचं वेड लागलंय, म्हणून पहिला भाग, 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी' (2003), आधी मी वाचला. सुरुवात 1895 च्या मुंबईत होते हे पाहून फार आनंद झाला. सोळा वर्षांच्या जेमाला तिथल्या बाजारात आईच्या मृत्यूचं दर्शन घडतं आणि मग तिची रवानगी इंग्लंडमधल्या मुलींच्या निवासी शाळेत होते. जादूपेक्षाही मला त्या शाळेतलं घुसमटणं भिडलं. मुलींना शिकवायचं ते फक्त चांगलं स्थळ मिळावं म्हणून!

पण आईचा मृत्यू आत्महत्येचा आहे, आणि अ‍ॅन नावाची मुलगी स्वतःला जखमा करून घेते. भाची हळवी आहे, म्हणून काळजी वाटते. 'रेबेल एंजल्स' आणि 'द स्वीट फार थिंग' यांत हे आणखी गडद होतं का? तिसरा भाग चांगलाच जाडजूड आहे, तो मध्येच रेंगाळतो का? आणि कार्तिक या भारतीय तरुणाला पुढे स्वतःचं आयुष्य मिळतं, की तो जेमाच्या मागेमागेच राहतो? शेवट फोडू नका, प्लीज.

अजून एक. त्याच दशकातल्या मुंबईचं, म्हणजे 1896 च्या प्लेगच्या आसपासचं, किशोरांना झेपेल असं मराठी पुस्तक सुचवाल का? गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' माझ्याकडे आहे, पण ते 1863 चं.