आईबाबांचा दोह्यातला थांबा आणि लाउंजचे पैसे

डॅलसकर:
मुंबईहून दोहामार्गे अमेरिकेला येणाऱ्या आईवडिलांसाठी लाउंजचे, म्हणजे विमानतळावरच्या आराम-जेवणाच्या वेगळ्या बैठकीचे, पैसे भरावेत का, यावरून परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच वादावादी झाली. "म्हाताऱ्यांना कशाला हे चोचले, बसतील की बाकावर" असं एकाने लिहिलं आणि त्याला भराभर अंगठे आले. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून इथे धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की थांबा चार तासांच्या वर असेल आणि प्रवासी साठीच्या पुढचे असतील, तर लाउंजचे पैसे तिकिटाच्या खर्चातच धरावेत. पहाटेचं विमान असलं की आदल्या रात्री अकरालाच घर सोडावं लागतं. मग सामान, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, सगळं जागरणात. पुढे दोह्यापर्यंत साडेतीन-चार तास आणि दोह्याहून डॅलसला जवळजवळ सोळा तास बसून राहायचं. मधल्या वेळात पाय वर करून बसता आलं, आंघोळ झाली आणि टॉयलेट जवळ असलं, तर उतरताना त्यांचे पाय सुजलेले नसतात. मी घ्यायला जाते तेव्हा मला तो फरक दिसतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. बाबांना मधुमेह आहे, गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते. बाहेर भाव रियालमध्ये. ते मनातल्या मनात त्याचे रुपये करतात, "एका सँडविचला एवढे?" म्हणतात आणि आईच्या पिशवीतला खाकरा खाऊन गोळी घेतात. हातात पैसे दिले तरी खर्च करत नाहीत. लाउंजचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे तिथे ते डाळभात घेऊन निवांत जेवतात. एवढ्यासाठी सुद्धा मी ते पैसे भरीन.

पुणेरी_सायकल:
ताई, काळजी कळते, पण दोह्याचं उदाहरण घेऊन हे पटत नाही. हमाद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला तोच मुळी थांब्यावरच्या प्रवाशांसाठी बांधलेला. वाय-फाय फुकट. पाय पसरता येतील अशा खुर्च्यांच्या शांत खोल्या फुकट, बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर आत 'ऑर्चर्ड' नावाची काचेच्या छताखालची बाग उघडली, तीनशेच्या वर झाडं आहेत. लांब चालायचं नसेल तर इमारतीच्या आतच छोटी ट्रेन आहे. सगळं समोर असताना वेगळे पैसे भरून एका खोलीत कशाला बसायचं?

खाण्याचं म्हणाल तर डब्यात थेपले, दशम्या द्या. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे ती. दोघांच्या लाउंजच्या पैशात अमेरिकेत त्यांना एखादी छोटी सहल घडवता येईल, त्यांना ती जास्त आवडेल.

दोहावासी:
मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं स्पष्ट करतो. सायकलरावांनी सांगितलेल्या सोयी खऱ्या आहेत, पण वेळेचं गणित त्यांनी धरलेलं नाही. अशा विमानतळावर विमानं लाटेने येतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळची विमानं थोड्या थोड्या अंतराने उतरतात आणि मग युरोप-अमेरिकेची निघतात. मधल्या वेळात हजारो माणसं एकाच वेळी झोपायला जागा शोधत असतात. त्या वेळी शांत खोलीत डोकावलं तर प्रत्येक खुर्चीवर कोणीतरी पिशवी छातीशी धरून झोपलेलं असतं. चपला खुर्चीखाली, चार्जरच्या वायरी जमिनीवर, आणि दाराशी दोघं-तिघं कोण उठतंय याची वाट बघत उभे. सत्तरीच्या माणसाने तिथे खुर्ची पटकवावी अशी अपेक्षा धरू नये. दिवसा दुपारी गेलात तर तीच खोली निम्मी रिकामी असते.

आता लाउंज. लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. 'अल मुर्जान' हे कतार एअरवेजचं स्वतःचं, बिझनेस क्लासचं लाउंज. जुनं मुर्जान साधारण दहा हजार चौरस मीटरचं आहे. मध्ये पाण्याचा तलाव, उंच छत, वर जायला गोल वळणाचा जिना, शॉवर, झोपायच्या खोल्या, मुलांची खोली. 'अल महा' हे वेगळं. तिथे इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी पैसे भरून किंवा प्रायॉरिटी पाससारख्या लाउंजप्रवेशाच्या कार्डावर जाता येतं. डॅलसकर ताई बहुधा अल महाबद्दल बोलताहेत. ते बरं आहे, पण मुर्जानचे फोटो बघून आईबाबांना तिथे पाठवू नका.

ठाण्याचा_तिकीटवाला:
यात एक भर घालतो, कारण या कारणाने लोकांना दारातून परत फिरताना पाहिलंय. बिझनेसचं प्रत्येक तिकीट लाउंजसकट येतं असं समजू नका. कतारच्या बिझनेसमध्ये 'लाइट' नावाचं सगळ्यात स्वस्त भाडं असतं, त्यात लाउंज नसतं. मुलं मोठ्या प्रेमाने आईवडिलांना बिझनेस घेऊन देतात, स्वस्त पडलं म्हणून लाइट घेतात. तिकीट काढताना भाड्याच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा.

आणि ज्यांची नोकरीतली फिरती मोठी आहे त्यांनी आपलं वनवर्ल्डचं (कतार ज्यात आहे त्या विमान कंपन्यांच्या गटाचं) कार्ड तपासावं. सफायर किंवा एमराल्ड या वरच्या पातळीचं असेल तर इकॉनॉमीत बसूनही लाउंज मिळतं. फक्त ते मुर्जान नसतं, वेगळं असतं. पण हे कार्डधारकाच्या स्वतःच्या प्रवासापुरतं. मुलाच्या कार्डावर आईबाबा एकटे आत जाऊ शकत नाहीत. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात विचारला जातो.

समतल:
मला मूळ प्रश्नच खटकतो. विमानतळ ही सार्वजनिक सेवा आहे. म्हातारा माणूस आडवा होऊ शकेल अशी जागा आणि परवडणारं अन्न ही तिथल्या प्रत्येकाची गरज आहे, जादा पैसे भरणाऱ्यांची नाही. लाउंजची कल्पना १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर 'ॲडमिरल्स क्लब' काढून सुरू केली, ती निवडक बड्या लोकांना खूश ठेवण्यासाठी. आज आपण मध्यमवर्गीय त्याच दारातून आत शिरायला धडपडतोय आणि बाहेर काय आहे याची चौकशी थांबवतोय. ज्याचं कार्ड आहे तो बाहेरच्या दोनशे रुपयांच्या चहाबद्दल तक्रार करत नाही, कारण त्याला तो प्यावा लागत नाही.

तक्रार केली की फरक पडतो हे आपल्याकडेच दिसलंय. विमानतळावरच्या खाण्याच्या भावांवर संसदेत बोललं गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. दहा रुपयांत चहा, दहा रुपयांत पाणी, वीस रुपयांत समोसा. त्यानंतर चेन्नईतही झाला. ताईंच्या बाबांना असं काही दोह्यात मिळालं असतं तर त्यांनी खाकऱ्यावर गोळी घेतली असती का?

डॅलसकर:
समतल, तुमच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, मनापासून. पण बाबा यंदा येणार आहेत. दोह्यात दहा रुपयांचा चहा मिळेपर्यंत मी त्यांना थांबा म्हणू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. तक्रारही करायची आणि पैसेही भरायचे.

सायकलराव, थेपले मीही देते. दोन दिवसांच्या जागरणात थंड थेपला आणि गरम वरणभात यात फरक असतो. आणि सहलीचं म्हणाल तर पाय सुजल्यामुळे गेल्या खेपेला पहिला आठवडा बाबा घराबाहेरच पडले नव्हते.

निशाचर:
मी लाउंजच्या विरोधात नाही, कार्डावरच्या लाउंजच्या विरोधात आहे. विमान कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमध्ये किती माणसं येणार याचा अंदाज तिकिटांवरून येतो. कार्डावर चालणाऱ्या लाउंजचा धंदा वेगळा. त्यांना माणशी ठरावीक रक्कम मिळते, म्हणजे जितकी माणसं जास्त आणि जेवण जितकं स्वस्त, तितका फायदा. आपल्याकडे बँकेच्या कार्डावर दोन रुपये स्वाइप करून आत जाता यायला लागलं आणि लाउंजच्या दाराशी सुरक्षा तपासणीपेक्षा लांब रांग लागायला लागली. शेवटी २०२४ च्या सुमारास बऱ्याच बँकांनी 'मागच्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच' अशी अट घातली. अमेरिकेत डेल्टानेही २०२२ मध्ये विमान सुटायला तीन तासांहून जास्त वेळ असेल तर आत न घेण्याचा नियम केला. त्यातून थांब्यावरच्या प्रवाशांना मात्र वगळलं, आणि ते योग्यच होतं. घरून लवकर निघून जेवायला येणारा वेगळा आणि दोन विमानांमध्ये अडकलेला वेगळा.

माझ्या मते पैसे भरायचेच असतील तर विमानतळाच्या आतल्या हॉटेलला भरा. दोह्यात ट्रान्झिटमध्येच ओरिक्स हॉटेल आहे, इमिग्रेशनबाहेर जावं लागत नाही. महाग आहे हे कबूल, पण खरा पलंग मिळतो. लाउंजच्या खुर्चीत म्हाताऱ्या माणसाची पाठ बरी होत नाही.

आजी_नाशिक:
इतका वेळ वाचत होते. सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून आता लिहिते. मी बहात्तर वर्षांची आहे, मुलीकडे शिकागोला जाऊन आले आहे, दोह्यावरूनच.

मुलीने मला लाउंज घेऊन दिलं होतं. छान होतं, स्वच्छ होतं, खायला भरपूर होतं. पण मी तिथे एक मिनिट डोळा मिटला नाही. आत विमानाची घोषणा होत नाही. पडद्यावर बघायचं, तो पडदा माझ्या खुर्चीपासून लांब, अक्षर बारीक. दर दहा मिनिटांनी उठून शिकागो कुठे लिहिलंय ते शोधत होते. गेट किती लांब आहे कळेना. विमान चुकलं तर त्या परक्या गावात मी काय करणार, हीच धास्ती. त्यापेक्षा गेटजवळच्या बाकावर मला बरं वाटतं. शेजारी आणंदची एक बाई भेटली, तीही मुलाकडेच निघालेली. आम्ही एकमेकींच्या पिशव्या सांभाळल्या, आळीपाळीने टॉयलेटला गेलो. लाउंजमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही.

तुम्ही पैसे भरता ते प्रेमाने भरता, ते आम्हाला कळतं. पण आम्हाला विचारून भरा. एकटी बाई असेल तर तिला सोबत लागते, खुर्ची मऊ आहे की कडक ते नंतर.

डॅलसकर:
आजी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझे आईबाबा जोडीने येतात, म्हणून एक झोपला की दुसरा जागा असतो. एकट्या माणसाचा विचार वेगळा करायला हवा हे मान्य. पण जोडीने येणाऱ्यांसाठी माझं मत कायम आहे.

दोहावासी:
आजींच्या धास्तीला पक्कं कारण आहे. अमेरिकेच्या विमानांना दोह्यात गेटपाशी पुन्हा एक सुरक्षा तपासणी होते. ती रांग वेगळी, वेळ वेगळा. त्यामुळे लाउंजमधून विमानाच्या तासभर आधी उठलं तरी घाई होते. निदान दीड तास आधी निघावं.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही व्हीलचेअर मागितली होती. व्हीलचेअरवाल्यांना मदत कक्षाजवळ एकत्र बसवतात आणि वेळ झाली की गेटवर नेतात, त्यामुळे विमान चुकायची भीती नसते. पण तिथून स्वतःहून उठून हिंडता येत नाही. सासऱ्यांनी मदतनिसाला लाउंजची पावती दाखवली, त्याने त्यांना लाउंजमध्ये सोडलं आणि परत न्यायला आला. त्यांनी हातावर पेनने वेळ लिहून घेतली होती आणि लाउंजच्या काउंटरवरच्या मुलीलाही दाखवून ठेवली होती. लाउंज घेणार असाल तर व्हीलचेअरही मागा, आणि गेट नंबर व वेळ मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला सांगा.

आजी_नाशिक:
व्हीलचेअर मी मागत नाही, मला चालता येतं. पण कागदाचं ठीक आहे, तो पुढच्या वेळी करीन. लाउंज नको.

पुणेरी_सायकल:
आजींना शंभर टक्के अनुमोदन. ताई, तुमच्या बाबांनाच एकदा विचारून बघा आणि ते काय म्हणतात ते इथे लिहा.