संदर्भसूची म्हणजे कारकुनी काम? बरं!

तळटीप
काल ‘शेवटचा_मसुदा’ यांनी इथे लिहिलं की संदर्भ जर्नलच्या साच्यात बसवणं हे निव्वळ कारकुनी काम आहे, संशोधकाने त्यात मिनिटभरही घालवू नये, आणि स्वल्पविराम चुकला म्हणून आजवर कोणी मेलेलं नाही. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी जर्नलांकडे आलेले पेपर तपासतो. हस्तलिखित आलं की आधी शेवटची दोन पानं उघडतो. एका ओळीत जर्नलचं पूर्ण नाव, खालच्या ओळीत त्याच जर्नलचा संक्षेप. एकीकडे पानं २१४–२२०, दुसरीकडे २१४–२०. मध्येच एका लेखकाचं आडनाव सगळं कॅपिटलमध्ये, म्हणजे कुठून तरी उचलून चिकटवलेलं. अशी यादी दिसली की दोन-तीन मूळ पेपर उघडून बघतोच, आणि त्यातला एखादा भलतंच काही सांगत असतो. ज्याने यादीवरून नजर फिरवली नाही, त्याने पेपर वाचले असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि व्हॅन डर गीअर आणि मंडळी, २००० आठवतायत ना? एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमधला नमुना संदर्भ. असा पेपरच नाही. तरी २०१७ मध्ये बोभाटा झाला तेव्हा चारशेच्या आसपास लेखांच्या यादीत तो जाऊन बसला होता. साच्यातला नमुना पुसायचं कोणाला सुचलं नाही!

शेवटचा_मसुदा
अहो, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं! व्हॅन डर गीअर साच्यात बिनचूक बसला होता. फॉरमॅटिंग शंभर टक्के, पेपर शून्य.

माझी कथा ऐका. ८६ संदर्भ. पहिल्या जर्नलला व्हँकुव्हर शैली, म्हणजे संदर्भांना आकडे, तेही चौकटी कंसात. नकार. दुसऱ्याला एपीए शैली, म्हणजे आकडे गेले, नावं-सालं आली, यादी अकारविल्हे. नकार. तिसऱ्याला पुन्हा व्हँकुव्हर, पण आकडे वर चढवलेले. तिथे संपादकापर्यंत पोचायच्या आधीच तांत्रिक तपासणीत परत, कारण डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, पूर्ण दुव्याच्या रूपात हवा होता. माझा एकही आलेख तोवर कोणी पाहिलेला नव्हता. २०१९ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये याच त्रासावर सर्वेक्षण आलं होतं: एका हस्तलिखिताच्या फॉरमॅटिंगला साधारण १४ तास. दोन दिवस गेले की हो! बरं, २०११ मध्ये ‘फ्री रॅडिकल बायॉलॉजी अँड मेडिसिन’ने ‘पहिल्यांदा पाठवताना कसंही पाठवा’ म्हटलं, तेव्हा विज्ञान बुडालं का?

कंसमामा
झोटेरो घ्या, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. शैली बदला, दोन क्लिक. ते ज्या साठ्यातून शैली घेतं, त्या सीएसएलच्या साठ्यात दहा हजारांवर शैली आहेत. झोटेरो २००६ पासून फुकट मिळतंय आणि लोक अजून हाताने टाइप करतायत. चालू द्या.

तळटीप
कंसमामा, दोन क्लिकमध्ये कचऱ्याची मांडणी बदलते, कचरा तोच राहतो. दुव्यावरून ओढलेल्या नोंदीत लेखकाच्या जागी वेबसाइटचं नाव येतं. बिबटेक या दुसऱ्या साधनात शीर्षकातल्या शब्दाला महिरपी कंस घालायला विसरलात तर बऱ्याच शैलींत ‘डीएनए’ची तिन्ही अक्षरं लहान होतात. ते पाहायला माणूसच लागतो.

चौथी_लेखिका
अवांतर होईल, पण स्वल्पविरामावर एवढं रण माजलंय म्हणून लिहिते. माझ्या सर्वात चांगल्या कामात मी चौथी लेखिका आहे. काही जर्नलं सहा नावं छापतात, काही तिनानंतर ‘एट अल’, म्हणजे ‘आणि इतर’, लावतात. तीन वर्षं प्रयोग मी केले आणि निम्म्या याद्यांमध्ये मी ‘एट अल’ आहे. त्यात लग्नानंतर आडनाव बदललं. आता पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, मी दोन बायका आहे. दोघींचंही काम थोडं थोडं.

शेवटचा_मसुदा
ताई, ऑर्किड काढा, संशोधकाचा ओळख क्रमांक. २०१२ पासून आहे, नाव बदललं तरी क्रमांक तोच.

चौथी_लेखिका
काढलाय हो. छापील यादीत ऑर्किड कुठे असतो, दाखवा. तिथे आडनाव आणि आद्याक्षर, संपलं.

नुसताच_महेश
ताई, तुम्ही निदान दोन आहात. मी आडनाव लावत नाही. अर्जातला आडनावाचा रकाना रिकामा सोडला की पुढे जाता येत नाही, म्हणून एकदा तिथे टिंब टाकलं. पेपर छापून आला, त्यात मी ‘. महेश’! एका ठिकाणी ‘महेश एम.’ आहे. १९७५ मध्ये हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या मांजराला फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये सहलेखक केलं, एफ. डी. सी. विलर्ड म्हणून. मांजराला तीन आद्याक्षरं आणि आडनाव, मला टिंब.

कंसमामा
हा हा! ‘रामोन इ काहाल’ हे अख्खं आडनाव असलेल्या मज्जाशास्त्रज्ञाला नोबेल मिळून शतक उलटलं, तरी अर्धं जग त्यांना नुसतं ‘काहाल’ म्हणून उद्धृत करतं.

तळटीप
नावांचा वेगळा धागा काढाल का? इथे मुद्दा वेगळा होता.

चौथी_लेखिका
वेगळा का? तुमच्या लाडक्या शैलींनीच हे केलंय. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत यादीत सात नावांपर्यंत सगळी छापायचे, २०१९ च्या सातव्या आवृत्तीत वीस. म्हणजे एका आवृत्तीत गाळलेली माणसं पुढच्या आवृत्तीत परत आली. आणि तुम्ही पानांच्या आकड्यांमधल्या आडव्या रेघेवरून लोकांची लायकी ठरवताय.

तळटीप
लायकी मी ठरवत नाही. उगाच तोंडात शब्द घालू नका. आणि सगळी नावं छापायची तर २०१५ मधला ॲटलास-सीएमएस या सर्नमधल्या दोन भौतिकशास्त्र प्रयोगांचा एकत्र पेपर बघा. ५,१५४ लेखक. ३३ पानांच्या पेपरात २४ पानं नुसती नावं आणि संस्था.

चौथी_लेखिका
पाच हजारांचं सांगून चौघांचं नाकारायचं. वा!

गोळी_वेळेवर
मूळ मुद्द्यावर येतो. ‘कोणी मेलेलं नाही’ हे वाक्य मला खटकलं. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र आलं: रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गीय औषधं दिली, व्यसन लागल्याच्या नोंदी चार. २०१७ मध्ये मोजलं तेव्हा ते ६०८ वेळा उद्धृत झालं होतं, आणि बहुतेकांनी ‘रुग्णालयात दाखल’ हे गाळलेलं. ते पत्र उघडून वाचायला दोन मिनिटं लागत नाहीत. पुढे अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाने किती माणसं गेली ते सांगायला नको.

शेवटचा_मसुदा
हे मान्य. पण ही वाचण्यातली चूक आहे. त्या ६०८ जणांचे स्वल्पविराम बहुधा जागेवरच होते. म्हणजे तळटीपसाहेब ज्याला फॉरमॅटिंग म्हणतायत ती पडताळणी आहे. पडताळणी मी करतो. तिरपी अक्षरं तुम्ही करा.

तळटीप
ठीक. तिरपी अक्षरं प्रकाशकाने करावीत, एवढं सोडलं. पण प्रत्येक संदर्भ उघडायची वेळ माणसावर येते ती यादी लावतानाच, निदान माझ्यावर तरी. साहेब म्हणू नका.

शेवटचा_मसुदा
रात्री चिडून माझी ८६ ची यादी परत काढली, तुम्हाला खोटं पाडायला. ४१ क्रमांकाला साल २०१८. ते ऑनलाइन आल्याचं साल, अंक २०१९ चा. आणि ५७ वा मी वाचलेलाच नाही, दुसऱ्याच्या यादीतून घेतलाय. लगेच धागा काढू नका.

नुसताच_महेश
५७ व्या संदर्भात लेखक किती आहेत?

शेवटचा_मसुदा
सात. तीन दिसतात.