इंदूर: सराफ्यात नक्की कधी जायचं?

प्रश्न: आईला घेऊन पुण्याहून इंदूरला येतेय. मागच्या खेपेला रील पाहून दुपारी चारला सराफ्यात पोचले, तर समोर नुसती सोन्याची दुकानं! आता तुम्हीच सांगा.

उत्तर १: ताई, सोनारांची शटरं पडली की मगच खाऊगल्ली भरते. रात्री नऊनंतर या. आईंना भुट्ट्याचा कीस द्या, तिखट कमी सांगून. गराडू (तळलेला कंद) मात्र थंडीतलाच.

उत्तर २: शनिवार-रविवार टाळा, आईंना धक्के बसतील. राजवाड्यापासून चालतच जा.

प्रश्नकर्ती: आईचे गुडघे दुखतात हो. बसायला मिळेल?

उत्तर १: अवघड आहे. मग छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीत न्या, संध्याकाळी. आणि निघण्याआधी इथे मेसेज टाका, आमची आईही येईल. तिला पुण्याच्या गप्पा हव्याच असतात.